घरच्या कारखान्यातील पत्रेकाम

मनमाडहून निघून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, परभणी ही ठाणी मागे टाकीत नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, हिंगोली-अकोल्याकडे जाणारा फाटा जेथे फुटतो ते पूर्णा जंक्शन बहुतेक प्रवाशांच्या स्मरणात असते ते गाडी बदलण्याच्या प्रतीक्षेमुळे आणि फलाटावरील चहामुळे. परंतु हा गाव ज्याला आतून पाहावयाचा आहे त्याने स्थानकाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्यास लागावे आणि पत्र्यावर पडणाऱ्या मोगरीचा आवाज कोठून येतो याचा शोध घ्यावा. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग या मुलखातून गेला, पुढे हिंगोलीचा फाटा निघाला, आणि अजिंठ्याच्या डोंगरातून उतरून याच तालुक्यात गोदावरीस मिळणाऱ्या नदीच्या काठचे हे शेतकरी गाव पाहता पाहता रेल्वेचे गाव झाले. मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांची शेड येथे होती. वाफेचे इंजिन म्हणजे जाड पोलादाचा बाष्पक एवढेच सामान्य माणसास ठाऊक असते. पण त्या बाष्पकावरील उष्णतारोधक लेपाला झाकणारे कवच, चालकाची खोली, राखेचे पात्र, पाण्याची टाकी, तेल घालण्याच्या लांब चोचीच्या बुधल्या आणि हातात धरावयाचे इशाऱ्याचे कंदील हा सारा पत्र्याचाच संसार असल्यामुळे रेल्वेच्या कारागिरांच्या वर्गवारीत लोहार, फिटर आणि बॉयलरमेकर यांच्या जोडीला टिनस्मिथ हाही एक स्वतंत्र वर्ग मोडत असे. अकोल्याकडील मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेजचे ते युग संपले.

या लेखाचा विषय मात्र रेल्वेचा इतिहास हा नाही. घराच्या पडवीत किंवा मागील अंगणातील छपराखाली चारदोन हत्यारे मांडून पत्रेकाम शिकू पाहणारा जो हौशी किंवा गरजवंत माणूस तालुक्याच्या गावी आज आढळतो, त्याने काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने शिकावे, एवढाच प्रश्न मला येथे विचारात घ्यावयाचा आहे. आणि त्याविषयीचे माझे मत प्रथमच सांगून टाकतो. अशा माणसाने आरंभीचा काळ वस्तू करण्यात घालवू नये, हत्यारे सुधारण्यात घालवावा. हे मत धंदेवाल्यांस पटणारे नाही, कारण त्यांच्या दारात गिऱ्हाईक उभे असते. पण ज्याच्यामागे गिऱ्हाइकाचा तगादा नाही त्याला ही चैन परवडते, आणि पत्रेकामाचे खरे ज्ञान याच चैनीत आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त बलुतेदारीचे जे वर्णन आहे त्यात लोहार आहे, सुतार आहे, कुंभार आहे, पत्रेवाला नाही. असण्याचे कारणही नाही, कारण लोखंडाचा पातळ, सपाट, यंत्रावर लाटलेला पत्रा ही वस्तूच गावगाड्याला अपरिचित होती. धातूचा पत्रा ठोकून भांडे घडविण्याची विद्या अर्थात आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेले मठारकाम आजही पाहावयास मिळते: तांब्याचे भांडे खरवईवर धरून हातोडीच्या समान अंतरावरील ठोक्यांनी त्याच्या अंगावर जी चकाकणारी खळ्यांची नक्षी उठविली जाते, ती केवळ शोभेची नसते, ठोक्यागणिक तांबे कठीण होत जाते, आणि म्हणून तेवढ्याच पातळ भांड्यास अधिक ताठपणा येतो. फार ठोकले की तांबे चिरते, म्हणून मधूनमधून त्याला मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. या ठोकणे-तापविणे-ठोकणे या क्रमात तांबटाचे सारे कसब सामावलेले आहे. परंतु तांबट धातूला ताणतो, फुगवितो, आकुंचित करतो. पत्रेवाला त्याला केवळ कापतो, वाकवितो आणि जोडतो. एकाची विद्या धातूच्या स्वभावाची आणि दुसऱ्याची मुख्यतः भूमितीची.

ही भूमितीची विद्या आपल्या गावांत आली ती रॉकेलच्या डब्यातून. नालीदार पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोदीवरील अभियंता हेन्री पामर याने १८२९ साली घेतले, लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याचे पेटंट फ्रान्समधील सोरेल याचे १८३७ सालचे. या दोन गोष्टींच्या संयोगाने जगभरातील छपरे बदलली. पण बाजारपेठेतील लहान कारागिराच्या हाती फुकटात पडणारा कच्चा माल होता तो कथलाचा मुलामा दिलेला डब्याचा पातळ पत्रा. हा डबा येथेच तयार व्हावा म्हणून १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूर येथे टिनप्लेट कंपनी काढली, आणि त्यानंतरच्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यात रॉकेल पोहोचले तसा रिकामा डबाही पोहोचला. त्या रिकाम्या डब्यापासून चिमणी, चाळणी, नरसाळे, माप, पोहरा, पेटी अशा असंख्य वस्तू करणारा जो वर्ग उदयास आला त्यात मराठवाड्यात मुसलमान कारागिरांचा भरणा मोठा. आणि त्यामुळे या धंद्याची परिभाषा आजही उस्ताद, शागीर्द, फर्मा अशा शब्दांनी भरलेली आहे. शागिर्दाने उस्तादाच्या शेजारी बसावे, फर्मा पत्र्यावर ठेवून रेघ मारावी, कापावे आणि बोलणी खावीत, हा शिरस्ता. फर्मा कसा काढला हे मात्र शागिर्दास फार उशिरा, आणि काही वेळा मुळीच, सांगितले जात नसे. धंद्याचे गुपित तेथेच होते.

घरी शिकणाऱ्याने हे गुपित स्वतः उकलावे. त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे तर धान्याच्या कोठीचे घ्यावे, कारण परभणी जिल्ह्यातील ज्वारीच्या घरात ती असतेच. बाजारात पत्रा मिळतो तो आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे सुमारे २४४ आणि १२२ सेंटिमीटर. कोठी किती मोठी असावी हे शेतकरी सांगतो, पण ती किती रुंद असावी हे वस्तुतः पत्राच ठरवितो. उभ्या सांध्यासाठी एक सेंटिमीटर रुंदीचा घडीचा लॉक करावयाचा तर त्यात पत्रा तीन पदरी जास्त जातो, म्हणून दोन्ही कडा मिळून तीन सेंटिमीटर वाढ सोडावी लागते, उरले २४१, त्यास ३.१४ ने भागले की व्यास येतो पाऊणशे सेंटिमीटरहून थोडा अधिक, नेमका सांगावयाचा तर ७६.७. उंचीच्या १२२ मधून तळाच्या दुमडीसाठी आणि वरच्या काठात तार भरण्यासाठी चार सेंटिमीटर गेले, तर ११८ राहिले. या मापाच्या पिंपात साडेपाचशे लिटरच्या आसपास जागा होते, आणि ज्वारी लिटरमागे पाऊण किलोच्या सुमारास भरते हे धरले तर चार क्विंटल ज्वारी त्यात मावते. म्हणजे अखंड पत्रा, एकच सांधा, चार पोती. व्यास ८० सेंटिमीटर करावा असा आग्रह धरणाऱ्याच्या पत्र्याला सव्वापाच इंचांची ठिगळपट्टी लावावी लागेल, सांधा एकाचे दोन होतील, आणि किडे सांध्यातच शिरतात हे कोणास सांगावयास नको.

झाकणाचा शंकू काढताना शिकाऊ माणूस हमखास गोंधळतो, आणि तेथेच भूमितीचा खरा आनंद आहे. छपरासारखा तीस अंशांचा उतार हवा असेल तर पिंपाच्या त्रिज्येला तीस अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.८६६ ने, भागावे, ३८.३५ चे ४४.३ होतात. एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ पत्र्यावर काढून त्यातून ४८ अंशांची फाक कापून टाकली आणि कडा एकत्र आणल्या, की शंकू उभा राहिला. यातील मौज अशी की कोठी लहान असो वा मोठी, उतार तीस अंशांचा असेपर्यंत फाक ४८ अंशांचीच राहते. जुन्या उस्तादांच्या दुकानात भिंतीला टांगलेला जो एक पत्र्याचा त्रिकोणी तुकडा दिसतो आणि जो वाट्टेल त्या मापाच्या झाकणाला चालतो, त्याचे रहस्य हेच. तळाची चकती आणि झाकणाचे वर्तुळ ही दोन्ही दुसऱ्या पत्र्यात एकापुढे एक बसतात आणि तोटी, कड्या, पट्ट्या यांना पुरेसा तुकडाही शिल्लक राहतो. दोन पत्र्यांत एक कोठी. चोवीस गेजच्या पत्र्याचे वजन नगास तेरा किलो, तेव्हा कोठीसाठी लागणारा एकूण माल सव्वीस किलो.

गेजच्या या आकड्यांविषयीही दोन शब्द अवश्य आहेत, कारण ते उलटे चालतात आणि नवख्याची त्यात फसगत होते. आपल्याकडे रूढ झालेल्या ब्रिटिश गेजप्रमाणे १८ गेज म्हणजे १.२२ मिलिमीटर, २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१ आणि २४ गेज ०.५६; आकडा वाढला की जाडी घटते. दुकानदार ज्याला ‘पक्का बावीस’ म्हणतो तो काही वेळा कच्चा चोवीसही निघतो, म्हणून मायक्रोमीटर नसेल तर निदान पत्र्याचे वजन करून घ्यावे: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. बावीस गेजचा आठ बाय चार पत्रा साडेसोळा किलोच्या वर भरलाच पाहिजे. काटा खोटे बोलत नाही, दुकानदार क्वचित बोलतो.

आता हत्याराकडे वळू. घरच्या कारखान्यात पहिली गरज ऐरणीची. रेल्वेच्या गावात ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा हे समीकरण इतके मुरलेले आहे की दुसरी ऐरण कोणी मनात आणीत नाही, आणि ते योग्यही आहे. मीटरगेजच्या जुन्या साठ पौंडी रुळाचा फूटभर तुकडा वीस पौंड, म्हणजे नऊ किलो भरतो, त्याचा माथा वर्षानुवर्षे चाकांखाली राहून कठीण व गुळगुळीत झालेला असतो, माथ्याच्या गोलाईवर पत्र्यास बाक देता येतो आणि उलटा करून ठेवला की त्याच्या तळव्याच्या धारेवर काटकोनी घडी मारता येते. मात्र असा तुकडा वाटेवर सापडला म्हणून उचलून आणू नये. रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा कब्जाविषयीचा १९६६ चा कायदा अस्तित्वात आहे, आणि रेल्वेचा माल कोणाच्या ताब्यात आढळला तर तो आपण कायदेशीर मार्गाने मिळविला हे दाखविण्याचा भार त्या माणसावर येतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची असू शकते. लिलावात भंगार घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून पावतीसह घेतलेला तुकडा घरात ठेवावा आणि पावती तुकड्याहून अधिक जपावी.

रूळ आणला की तो तसाच वापरावयाचा नाही. त्याच्या तळव्याची एक कड कानशीने घासून तीक्ष्ण करावी, दुसरी मुद्दाम दोन मिलिमीटर गोलाईची ठेवावी. मग एकाच तुकड्यावर कडक घडी आणि सौम्य घडी दोन्ही मारता येतात. मोगरी बाजारची घेण्यापेक्षा बाभळीच्या किंवा चिंचेच्या जुन्या लाकडाची करून घ्यावी. लाकडी मोगरी पत्र्यास वाकविते पण ताणीत नाही, लोखंडी हातोडी मात्र जेथे पडते तेथे पत्रा पातळ करून पसरविते आणि सपाट पृष्ठावर फुगवटा उठवून ठेवते. हा फुगवटा बसविण्यासाठी नवखा माणूस फुगवट्यावरच ठोकतो आणि तो वाढतच जातो. वास्तविक भोवतालचा पत्रा हलके ठोकून सैल केला तर फुगवटा आपोआप खाली बसतो. हातोडी वापरावयाचीच असेल तर तिचे तोंड पॉलिश कागदाने आरशासारखे करावे, कारण तोंडावरील प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो. कात्रीबाबत तर सार्वत्रिक अज्ञान आहे. पत्र्याची कात्री चाकूसारखी पातळ धारेची करावयाची नसते. तिच्या पात्यांचा कोन ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचा, जवळजवळ काटकोनी असावा लागतो, आणि तिचे सारे यश दोन पात्यांमधील फटीवर अवलंबून असते. मधला बोल्ट ढिला झाला की पत्रा कापला न जाता पात्यांत दुमडून अडकतो, आणि माणूस धार लावीत बसतो. कापताना पाती टोकापर्यंत मिटवू नयेत. शेवटचा सेंटिमीटर शिल्लक ठेवून कात्री पुढे सरकवावी, नाही तर दर कापावर कडेला एक बारीक दात पडतो आणि तोच पुढे हात कापतो.

परंतु ज्या एका हत्याराने पत्रेकाम शिकणाऱ्याची परीक्षा होते ते वाकविण्याचे यंत्र होय. तयार यंत्र महाग आणि जड. घरी करावयाचे तर दोन इंची, सहा मिलिमीटर जाडीचे लोखंडी अँगल पुरतात. एक अँगल बाकावर बैठक म्हणून पक्का करावयाचा, दुसरा त्याला बिजागरीने जोडून फिरती पाती करावयाची, आणि तिसरा वरून दाबपट्टी म्हणून बोल्टांनी आवळावयाचा. पत्रा बैठक आणि दाबपट्टी यांच्यामध्ये धरून पाती वर उचलली की वळण पडते. वर्णन इतके सोपे, आणि पहिल्या यंत्रावर पडलेले पहिले वळण हटकून वाईट. त्याची कारणे दोन, आणि दोन्ही शिकण्यासारखी.

पहिले कारण बिजागरीचे. बिजागरीच्या खिळ्याचा अक्ष बैठकीच्या वरच्या धारेशी तंतोतंत जुळला पाहिजे. तो दोन मिलिमीटर जरी खाली राहिला तरी पाती वर उचलताना पत्र्यावरून घसरते, ओरखडे पाडते आणि वळण धारेवर न पडता धारेपासून दूर, गोलसर पडते. म्हणून दोन्ही अँगलांच्या टोकांना खाच कापून बिजागरीची गाठ त्या खाचेत बसवावी लागते. बाजारातल्या दाराच्या बिजागऱ्या या कामी उपयोगाच्या नाहीत. त्यांच्या गाठीत मुळातच खेळ असतो. एका सळईचे दोन तुकडे आणि त्यांवर घट्ट बसणाऱ्या नळीचे तुकडे घेऊन वेल्डिंगने त्या स्वतःच कराव्यात.

दुसरे कारण मधल्या झुकण्याचे. चार फूट लांबीचे वळण दोन्ही टोकांस नव्वद अंश भरते आणि मध्यभागी पंच्याऐंशीच राहते, कारण पाती जोरात उचलली की ती स्वतःच मध्यभागी वाकते. येथे गणित शिकणाऱ्याच्या मदतीस येते: समान भार असलेल्या तुळईचे झुकणे लांबीच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून दोन फुटी यंत्रावर जो दोष डोळ्यांस दिसतही नाही तो चार फुटी यंत्रावर सोळापट होऊन उभा राहतो. जाड अँगल आणणे हा आळशी उपाय. चांगला उपाय असा की पातीच्या पाठीशी मध्यभागी तीन-चार इंचांचा आडवा टेकू वेल्ड करून, त्यावरून दोन्ही टोकांकडे सळई ताणून ती कैचीसारखी बळकट करावी, आणि दाबपट्टीचा मधला भाग घासून अशा बेताने किंचित बहिर्गोल करावा की आवळताना तिचा मध्य प्रथम पत्र्यास टेकेल. माझ्या पडवीतील यंत्रावर हा टेकू बसविल्यावर मधल्या वळणात आणि टोकांच्या वळणात गुण्या लावून फरक दिसेनासा झाला. नव्वद अंशांच्या वळणासाठी पाती ब्याण्णव-त्र्याण्णवपर्यंत न्यावी लागते, कारण पोलाद सोडल्यावर दोन-तीन अंश मागे फिरते. हे मागे फिरणे प्रत्येक गेजाचे निराळे असल्यामुळे पातीच्या बाजूस एक अर्धवर्तुळाकार पट्टी लावून तिच्यावर १८, २०, २२, २४ अशा खुणा कोरून ठेवाव्यात.

यंत्र नीट झाले म्हणजेच वळणाच्या मापाचा हिशेब करता येतो, आधी नाही. काटकोनी वळणात बाहेरच्या दोन बाजूंच्या मापांची जी बेरीज येते त्याहून लागणारा पत्रा जाडीच्या दीड ते दोन पट कमी असतो. बावीस गेजमध्ये हा फरक दर वळणामागे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. एका वळणाला तो क्षुल्लक वाटतो, पण कपाटाच्या खणाला चार वळणे असली की पाच मिलिमीटर होतात, आणि खण सापटीत अडकतो. घरोघरच्या पत्र्याच्या कपाटांचे खण का अडतात याचे हे एक कारण आहे. गोदरेज कंपनीने पोलादी कपाटे १९२३ च्या सुमारास आणली, आणि तेव्हापासून तालुक्यातालुक्यांतील कारखानदार त्यांचा घाट नकलीत आले आहेत. घाट नकलता येतो; वळणाचा हिशेब त्याच्याबरोबर येत नाही.

सांधण्याच्या कामात सौंदर्यापेक्षा सुरक्षितता अधिक पाहावी. जस्ती पत्र्याला वेल्डिंग करणारा माणूस जस्ताचा पांढरा धूर छातीत घेतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद वितळण्यास पंधराशेच्या घरात उष्णता लागते, म्हणून पोलाद वितळण्याच्या फार आधीच जस्ताची वाफ झालेली असते. त्या रात्री थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून लोक त्याची पर्वा करीत नाहीत, करावी. सांध्याच्या जागचे जस्त आधी घासून काढावे आणि काम उघड्यावर करावे. कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने डाग देण्याची रीत सोपी, पण पिण्याच्या पाण्याच्या किंवा खाण्याच्या भांड्यास शिशाचा डाग कदापि देऊ नये. मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेले द्रावण डाग धरविते खरे, परंतु डाग दिल्यानंतर ते पाण्याने धुऊन न टाकले तर पावसाळ्यात तेथेच गंज फुटतो.

मराठवाड्यात पत्रेकामाचा आजचा राजा म्हणजे कूलर. परभणीच्या वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते, म्हणून पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे हे साधे यंत्र येथे जितके काम देते तितके कोकणात देणार नाही. त्याचे खोके, पाण्याची टाकी, जाळ्यांच्या चौकटी सारे पत्र्याचे. आणि त्याच पत्र्यात पाणी, पंप आणि विजेचा पंखा एकत्र नांदतात. लोखंडी कूलरचा धक्का बसून माणूस दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. घरच्या कारखान्यात कूलर करणाऱ्याने खोक्याच्या उघड्या पत्र्यावर, रंग खरवडून, अर्थिंगची तार बोल्टने पक्की केल्याशिवाय त्यात पाणी घालू नये. तारेच्या भोकात रबराची कडी बसविली नाही तर पत्र्याची धार तारेचे वेष्टन हळूहळू कापते. हे काम दहा मिनिटांचे आहे.

यंत्रविद्येच्या मराठी इतिहासात हत्यार सुधारण्याच्या ध्यासाचे सर्वांत मोठे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८६९ साली जन्मलेला हा गृहस्थ चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेला, रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखन शिकवू लागला. बेळगावास १८८८ साली सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानातून कडबा कापण्याची यंत्रे, त्यांतून लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपविणे ही नांगर करण्याहून कठीण गोष्ट ठरली. मला येथे ध्यानात आणून द्यावयाचे आहे ते एवढेच की आपल्या यंत्रोद्योगाचा हा आद्य पुरुष रेखनाचा शिक्षक होता. कागदावरची रेघ आणि हातातले हत्यार ही दोन्ही एका माणसाच्या ताब्यात आली तेव्हाच तो नांगर झाला. मराठवाड्यात या दोहोंची ताटातूट फार काळ राहिली. शागीर्द हत्यार चालवी, पण त्याला रेघ ठाऊक नसे. १९५० पासून देशभर निघालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘पत्रे कारागीर’ हा वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलास शंकूची फाक वहीवर बिनचूक काढता येते, पण कात्रीचा बोल्ट किती आवळावा हे त्याच्या हातास पुष्कळदा उमगलेले नसते. चिकलठाण्याच्या एसटीच्या कार्यशाळेत, जेथे बसचे सांगाडे बांधून त्यांवर पत्रा चढविला जातो, अशा ठिकाणी मात्र रेघ आणि हत्यार शेजारीशेजारी काम करतात; एसटीची जुनी गाडी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आणि रिव्हेटांची, अलीकडची माइल्ड स्टीलची, आणि या एका बदलासाठीही वाकविण्याच्या यंत्रांपासून सांध्यांच्या रीतीपर्यंत सारे नव्याने बसवावे लागले. परभणीच्या कृषी विद्यापीठात, जे १९७२ साली स्थापन झाले आणि आज वसंतराव नाईकांच्या नावे ओळखले जाते, बैलांनी ओढावयाच्या अवजारांच्या सुधारणेचे संशोधन चालते. पूर्णेच्या एखाद्या पडवीतील कारागिराने तेथील पेरणीयंत्राची बियाण्याची पेटी एकदा उलगडून पाहावी. तिच्या उतरत्या बाजूंचा कोन ज्वारी आणि सोयाबीन दोन्ही अडकू नयेत अशा बेताने राखलेला असतो.

शेवटी धंद्याची एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण घरच्या कारखान्याचे महत्त्व त्या खोडीमुळेच कळते. दरवाजे, जाळ्या, चौकटी, पुष्कळदा कपाटेही, आपल्या बाजारात किलोने विकली जातात. लोखंड जितके जास्त तितके बिल मोठे. पत्र्याचा स्वभाव मात्र याच्या उलट आहे: सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून वीस गेजचा पत्रा चोवीसहून वजनाने दीडपटीहून थोडा अधिक असला तरी ताठपणात तो चौपटीच्या वर जातो, पण तोच चोवीस गेजचा पत्रा कडेला एक इंचाची घडी देऊन आणि मध्ये दोन कर्णरेषांवर हलके वाकवून घेतला, तर सपाट वीस गेजच्या पत्र्याहूनही तो ताठ उभा राहतो. साधे पोस्टकार्ड लांबीतून दुमडून दोन पेल्यांवर ठेवून पाहावे. घडी देणाऱ्या कारागिराचा वेळ अधिक जातो आणि वजन कमी भरते, म्हणजे चांगल्या रेखनाला बाजारात दंड बसतो आणि जाड, आळशी कामाला बक्षीस मिळते. किलोच्या भावात गिऱ्हाइकाला घडीची किंमत दाखविता येत नाही. विक्रीस न बसलेल्या पडवीतल्या माणसावर हा जुलूम नाही. त्याने चोवीस गेजचे कपाट करावे, घड्या मोजून द्याव्यात, आणि पुढच्या खेपेस गावातील पत्रेवाल्याकडे जाऊन भाव किलोने न ठरविता नगावर ठरवावा.